दस्त्याचं माप

गेल्या दिवाळीत लोहाऱ्याला गेलो होतो. फराळ झाला, दुपारची झोप झाली, आणि उठून चहाची वाट बघत बसलो होतो तेवढ्यात आमच्या दादाच्या चिरंजीवांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

"काका, हे बघा. आपल्या पंपाला बसंल का हे?"

पंप म्हणजे विहिरीवरचा नव्हे. दादा शेतातल्या वस्तीवर राहतो आणि त्याच्याकडे परवान्याची बाराबोअर पंप अॅक्शन बंदूक आहे, इशापूरच्या सरकारी कारखान्यात झालेली. साधा लाकडी दस्ता, काळी नळी, कुणी वळून बघणार नाही असं रूप. फोटोत होता एक अॅडाप्टर. बंदुकीचं लोखंडी धड, ज्याला रिसिव्हर म्हणतात, त्याच्या शेपटाला मूळचा लाकडी दस्ता एका लांबलचक बोल्टने आवळलेला असतो. तो काढायचा आणि त्या जागी हा लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा बसवायचा. त्याच्या मागे एक पोकळ नळकांडं, आणि नळकांड्यावर पुढेमागे सरकणारा प्लास्टिकचा काळा दस्ता. सिनेमात कमांडोच्या हातात असतो तसा.

"कशाला पाहिजे रे?"

"लूक येतो ना काका."

मी काही तज्ज्ञ वगैरे नाही हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजात एनसीसी केली, नंतर पुण्यात आठ-दहा वर्षं हौस म्हणून एअर रायफल मारली, पदक एकही नाही. (आमच्या सौ. म्हणतात तेवढ्या पैशात टेरेसला पत्रा झाला असता. खरं आहे.) पण दस्ता या विषयावर माझ्या डोक्यात बरीच वर्षं काहीतरी खदखदतंय. ते त्या एका शब्दाने, त्या 'लूक'ने उकळून वर आलं. त्यात त्याच संध्याकाळी दुसरा प्रसंग घडला. तो नंतर सांगतो.

आधी चिरंजीवांशी काय भांडलो ते. बंदुकीचा दस्ता हा शोभेचा भाग आहे ही समजूतच मुळात चुकीची. छर्ऱ्याच्या बंदुकीला बहुधा मागची माशी नसते, नळीच्या टोकाला फक्त एक मणी. मग नेम धरायला मागचा बिंदू कोणता? तुमचा डोळा. आणि डोळा कुठे राहणार हे ठरवतो दस्ता. गाल दस्त्याच्या वरच्या कडेवर टेकला की डोळा नळीच्या रेषेत आपोआप आला पाहिजे. दस्ता फार उंच असेल तर बार वर जातो, फार खाली असेल तर डोळ्यासमोर नळीऐवजी रिसिव्हरची पाठ येते. म्हणून जुने कारागीर दस्ता थोडा खाली उतरता ठेवत आणि उजव्या हाताच्या माणसासाठी किंचित उजवीकडे झुकवत. हे सगळं काढून तुम्ही सरळ मागे जाणारं नळकांडं लावलं, तर गाल टेकायची जागाच बदलते. रायफलीवर माश्या उंच असतात, त्यामुळे तिथे हे चालतं. मणीवाल्या बंदुकीवर मान वाकडी करून बसावं लागतं. काही अॅडाप्टरांत त्यासाठी मुद्दाम उतार दिलेला असतो, पण 'लूक' बघून घेणाऱ्याला उतार दिसत नाही.

आणि धक्का? बाराबोअरचा धक्का लाकडाचं वजन आणि मागचं रबर मिळून खातात. हलकं प्लास्टिक लावलं की तोच धक्का खांदा खातो.

चिरंजीव म्हणाले, "पण काका, ते अॅडजस्टेबल हाय की! सहा पोझिशन!"

इथे मी जरा गप्प झालो, कारण मुद्दा बिनतोड होता. सरकणारा दस्ता ही खरोखर चांगली गोष्ट आहे. मी विचारलं, "बरं, तुझी पोझिशन कुठली?" त्याला माहीत नव्हतं. आजवर कुणी त्याचं माप घेतलंच नव्हतं. सहा खाचा असलेली वस्तू विकत घेणार आणि फोटोत सगळ्यात छान दिसते त्या खाचेवर ठेवणार. बूट छान दिसतो म्हणून दोन नंबर मोठा घेतल्यासारखं झालं हे.

कायद्याचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण घरातली मंडळी हे वाचत असतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'शस्त्र' या शब्दात त्याचे सुटे भागही येतात, आणि दुरुस्ती किंवा फेरफार हे परवानाधारक कारागिराचंच काम आहे. कुणाच्या तरी बॅगेतून आलेला तुकडा घरच्या पान्याने बसवणं हा हौसेचा नाही, पोलिस ठाण्याचा विषय होऊ शकतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नाच्या वरातीत आनंदाने बार काढणं हासुद्धा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि 'लूक' म्हटलं की पुढची पायरी वरातच असते हे मला आपल्या भागात कुणी सांगायला नको. असो.

आता तात्यांची गोष्ट. तात्या म्हणजे आमचे आजोबा. रझाकाराच्या काळात ते तरुण होते. १३ सप्टेंबर १९४८ ला फौजा नळदुर्गाकडे सरकल्या तेव्हाच्या आठवणी ते अशा सांगत, की बंदूक या वस्तूबद्दल आमच्या घरात एक गंभीर आदर होता. भीती नव्हती, कौतुकही नव्हतं. खुंटीला टांगलेली एकनळी बाराबोअर, वर जुन्या धोतराचा फडका. रानडुकरं भुईमुगात शिरली की रात्री एखादा बार हवेत, बस्स.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. सास्तूरकडे जे झालं त्याच्या तुलनेत आमचं काहीच नाही, आमची माणसं वाचली. पण माजघराची भिंत गेली. दगड-मातीखालून बंदूक काढली तेव्हा नळी शाबूत आणि दस्ता मनगटाशी, म्हणजे पकडीच्या बारीक जागेवर, मोडलेला. पुढच्या वर्षी तात्यांनी ती रीतसर कागद करून सोलापूरला एका दुकानात दिली. दुकानदाराने तयार दस्ता बसवून परत दिली. चकचकीत पॉलिश, सुरेख रेषा. तात्यांनी शेतात एक बार काढला आणि घरी येऊन सदरा उतरवला. खांद्याच्या बाहेर, दंडावर, वांग्याएवढा काळानिळा डाग.

"बंदूक लई लांब झालीया," एवढंच म्हणाले.

तात्यांची उंची पाच फूट दोन इंच. दस्ता सहा फुटी माणसाचा. लांब दस्ता खांद्याच्या खळग्यात बसत नाही, बाहेर घसरून दंडावर जातो, आणि दंडाला तर आधार काहीच नाही. दुकानदाराचं म्हणणं, "बाबा, सवय होईल." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तात्या हटले नाहीत. दुसऱ्या खेपेला मला बरोबर नेलं. मागच्या खोलीत एक म्हातारे उस्ताद होते. त्यांनी बंदूक रिकामी आहे हे स्वतः दोनदा पाहिलं, तात्यांना उभं केलं, डोळे मिटायला लावले, बंदूक खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला. बाजूने बघत होते. पकडीवरचा अंगठा आणि नाक यांच्यात किती बोटं जातात ते मोजलं. दोन-तीन बोटं जायला हवीत, तात्यांचा अख्खा पंजा गेला असता. लोक दस्ता कोपराच्या बेचक्यात धरून माप घेतात, ते उस्तादांनी हसण्यावारी नेलं. म्हणाले, हाताची लांबी हे एक माप झालं, मान किती, छाती किती, अंगावर स्वेटर आहे का, हे कोण बघणार? पेन्सिलने रेघ मारली. सव्वा इंच. करवतीने कापलं, कड तासली, मागे रबराची पट्टी लावली. त्या दिवसानंतर तात्यांच्या खांद्यावर डाग पडला नाही. काम अर्ध्या तासाचं.

त्या अर्ध्या तासासाठी मी हा सगळा लेख लिहितोय.

कारण त्याच दिवाळीच्या संध्याकाळी माझी पुतणी, चिरंजीवांची धाकटी बहीण, ओट्यावर तोंड पाडून बसली होती. नववीत आहे, शाळेत एनसीसी आहे. कॅम्पात फायरिंग झालं. पाच गोळ्यांतली एक लक्ष्याच्या कागदावर, बाकीच्या कुठे गेल्या त्याचा पत्ता नाही. शिकवणारे म्हणाले, "ताकद नाही तुझ्यात. बट घट्ट धर. सवय होईल." पोरं हसली. पुढच्या कॅम्पच्या फायरिंगच्या यादीतून तिने आपणहून नाव काढून घेतलं.

आणि मीही, लाज वाटते सांगायला, पहिल्यांदा तेच बोललो. "अगं, खांदा नीट लावायचा की." मग ती ओट्यावर पालथी पडून, हातात केरसुणीचा दांडा घेऊन दाखवायला लागली की रायफल कशी धरायला लागली, आणि माझ्या डोळ्यासमोर तात्यांचा दंड आला.

हिशोब करू या. एनसीसीत पॉइंट टू टू बोअरच्या दोन रायफली वर्षानुवर्षं शिकवल्या गेल्या, डिलक्स आणि नंबर दोन मार्क चार. डिलक्सची लांबी ४३ इंच. दुसरी त्याहून थोडी लांब आणि वजनाला जवळजवळ चार किलो. पुतणीची उंची चार फूट नऊ इंच, म्हणजे ५७ इंच. म्हणजे तिच्या हातात दिलेली वस्तू तिच्या उंचीच्या पाऊण आहे, आणि तिचा दस्ता मोठ्या पुरुषाच्या हाताला जमेल असा. पॉइंट टू टूला धक्का जवळजवळ नसतो, त्यामुळे डाग पडत नाही आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पालथं पडून लांब दस्ता लावला की डोकं मागे राहतं, डोळा मागच्या माशीपासून दूर जातो, पुढचा हात ताणला जातो, चापावर बोटाचं फक्त टोक पोचतं. बोट ओढलं की सगळी रायफल हलते. याला ताकद कमी असणं म्हणत नाहीत. वडिलांच्या सायकलवर कैची मारणाऱ्या पोराला "तुला तोल नाही" म्हणण्यासारखं आहे हे.

मी हे चार ठिकाणी बोललो. चारही ठिकाणी मला ठरावीक उत्तरं मिळाली आणि ती ऐकून माझं टाळकं फिरलं.

पहिलं उत्तर: "लष्करात माप बघत नाहीत. सगळ्यांना एकच हत्यार. शिस्त असते ती." मोठ्या अभिमानाने सांगतात! ज्या थ्री नॉट थ्रीची आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आरती ओवाळली गेली, त्या ली-एनफील्डचे दस्ते इंग्रजांनी वेगवेगळ्या लांबीचे केले होते. नेहमीचा, अर्धा इंच लांब, अर्धा इंच आखूड, आणि अगदी ठेंगण्या शिपायांसाठी 'बँटम' नावाचा त्याहूनही आखूड. दस्त्याच्या लाकडावर अक्षर ठोकलेलं असे. दस्ता वेगळा, धड वेगळं, आत एक लांब बोल्ट. शस्त्रागारातल्या कारागिराने तो सोडवून शिपायाच्या मापाचा दस्ता लावायचा. शंभर वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. साहेबाला शिपायाबद्दल माया होती असं नाही, त्याला गोळी वाया घालवायची नव्हती. आणि गंमत म्हणजे एनसीसीची ती नंबर दोन मार्क चार याच घराण्यातली. ज्या रायफलीच्या खानदानात चार मापं होती, तिच्याच बहिणीला हातात घेऊन आपण पोरींना सांगतो की लष्करात माप नसतं.

आजचं बघायचं असेल तर अमेठीजवळ कोरव्यात तयार होणारी एके-२०३ बघा. दस्ता मागेपुढे सरकतो. त्याआधीची इन्सास ठरलेल्या लांबीच्या दस्त्याची. म्हणजे लष्करालाही कळलं. कळायचं राहिलं ते 'लष्करात असं नसतं' म्हणणाऱ्यांना.

दुसरं उत्तर: "खऱ्या नेमबाजाला काहीही द्या, तो मारतो." हे तर धादांत खोटं. स्वप्नील कुसाळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकला, ४५१.४ गुण. सगळ्या महाराष्ट्राने फटाके वाजवले. त्या प्रकारात गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून नेम मारायचा असतो, आणि प्रत्येक स्थितीसाठी दस्त्याची मागची पट्टी वर-खाली, मागेपुढे करावी लागते. गाल टेकायचा भागही सरकवता येतो. एकाच माणसाला एकाच दिवशी तीन मापं लागतात! २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत असो की कुणी असो, या पातळीवरची रायफल शरीरावर बेतलेली असते. अंजली भागवतसुद्धा एनसीसीतूनच या खेळात आल्या. त्यांचं नाव घेऊन पोरींना भाषण देता, मग त्यांच्या रायफलीला जे स्क्रू होते त्यातला एक तरी पोरींना द्या की.

तिसरं उत्तर बोलून दाखवत नाहीत, पण ते सगळ्यांच्या मागे असतं. पोरीच त्या. राज्यात पोलिस भरतीत महिलांना ३० टक्के जागा आहेत. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुली पहाटे उठून रस्त्यावर धावतात त्या याच भरतीसाठी. त्यातल्या एखादीने चौदाव्या वर्षी ठरवून टाकलं असेल की रायफल आपल्याला जमत नाही, तर ते कुणी ठरवलं? लाकडाच्या एका इंचाने ठरवलं.

चौथं, सरकारी उत्तर: "सरकारी मालमत्ता आहे, कापता येत नाही." हे मात्र मान्य. कापू नका. पुतणीने किंवा तिच्या सरांनी करवत घेऊन बसावं असं मी म्हणतच नाही, ते बेकायदाही आहे आणि मूर्खपणाही. पण खात्याचा स्वतःचा कारागीर असतो. दहा रायफलींतल्या दोन-तीन आखूड दस्त्याच्या करून ठेवायला, आणि मोठ्या मुलांसाठी मागे जोडायच्या लाकडी नाहीतर रबरी चकत्या ठेवायला असा काय खर्च येतो? अमेरिकेत शाळकरी मुलांसाठीच्या बंदुका बारा-तेरा इंची दस्त्याच्या मिळतात आणि मूल वाढलं की चकत्या वाढवतात. त्यात रॉकेट विज्ञान नाही. आपल्याकडे गावातला शिंपीसुद्धा शाळेच्या गणवेशाला खाली दोन इंच दुमड ठेवतो.

आपला कायदासुद्धा बघा. बिनआट्यांच्या बंदुकीची नळी किमान २० इंच असावी हे त्यात आहे. नळी कमी केलेली चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, आखूड नळीची बंदूक अंगरख्याखाली लपते. नळीच्या लांबीची काळजी सरकारला आहे. दस्त्याच्या लांबीची काळजी कुणी करायची? परवान्यात त्याचा रकाना नाही आणि असावा असंही माझं म्हणणं नाही. पण विकणाऱ्याला, शिकवणाऱ्याला, आणि मोबाइलवर सहा खाचांचा दस्ता शोधणाऱ्या आमच्या चिरंजीवांना तरी तो प्रश्न पडावा की नाही?

डिसेंबरात पुतणी पुण्याला आली होती. तिला एका क्लबात नेलं. एअर रायफल, दहा मीटर. तिथल्या ताईंनी आधी रायफल दिलीच नाही. पाच मिनिटं दस्ता आत घेतला, गालपट्टी वर केली, मागची पट्टी खाली केली, परत तपासली. मग दहा छर्रे. शेवटचे पाच रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही हे मला कळतं. एअर रायफल वेगळी, टेबलावर आधार होता, कुणी हसत नव्हतं. पण तिचं ते कागदाकडे बघणं मी बघितलं आहे. ताई म्हणाल्या, "दादा, हिला आधी कुणी सांगितलं नेम नाही म्हणून?" मी छताकडे बघितलं.

चिरंजीवांचं काय झालं ते राहिलंच. अॅडाप्टर मागवला नाही. माझ्या भाषणाने नव्हे, दादा ओरडला म्हणून. मात्र जानेवारीत दादा स्वतः बंदूक आणि परवाना घेऊन सोलापूरला गेला आणि लाकडी दस्त्याच्या मागे अर्ध्या इंचाची रबरी चकती बसवून आला. तो तात्यांच्या उलट, सहा फूट, आणि इतकी वर्षं त्याच्या अंगठ्याचं हाड प्रत्येक बाराला नाकावर आपटत होतं. बोलला नव्हता कधी. म्हणाला, "मला वाटलं असंच असतं."

तात्यांच्या दस्त्यातून कापलेला सव्वा इंचाचा तुकडा आमच्या फडताळात होता, त्यावर उस्तादांची पेन्सिलची रेघ अजून आहे. पुतणीने तो मागितला. पेपरवेट करते म्हणाली. दिला.